सिस्टिम फाइल उडाली, कॉम्प्युटर उठेना: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मशीन दुकानात नेलं की निदान ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारावा लागेल." उडालेली असते एखादी फाइल, आणि तिच्यापायी घरचे फोटो, टॅलीचा डेटा, पोरांचे प्रोजेक्ट सगळं पुसलं जातं. मला याची मनापासून चीड येते. विंडोज सुरू होत नाही म्हणजे हार्ड डिस्क रिकामी झाली असं नाही. फॉरमॅट न मारता मशीन परत उठवल्याचे अनुभव इथे लिहा. कुठली फाइल होती, पडद्यावर काय आलं, काय केलं, सगळं सविस्तर येऊ द्या.

•••

मी इचलकरंजीत रिपेअरिंग करतो. विंडोज एक्सपीच्या जमान्यात 'एनटीएलडीआर इज मिसिंग', म्हणजे विंडोज चालू करून देणारी एनटीएलडीआर ही फाइलच सापडत नाही, हे नेहमीचं दुखणं. सी ड्राइव्ह भरला की कुणीतरी लपवलेल्या फाइल्स उघड करायचा आणि नावापुढे एक्स्टेन्शन नाही म्हणजे कचरा असं समजून ही फाइल उडवायचा. साइझ जेमतेम अडीचशे केबी. त्या वेळी काहीच बिघडत नाही, कारण ती लागते फक्त मशीन चालू होताना. दिवसभर काम चालतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काळा पडदा.

एका यंत्रमाग कारखान्यातल्या दिवाणजींचं मशीन असंच आलं, तेही पगाराच्या आदल्या दिवशी. कामगारांचा सगळा हिशोब आत. एक्सपीची सीडी टाकली, 'आर' दाबून रिकव्हरी कन्सोल (दुरुस्तीसाठी कमांड टाइप करायचा काळा पडदा) उघडला, १ नंबरचं विंडोज निवडलं. अॅडमिनिस्ट्रेटरला पासवर्ड नव्हता, म्हणून नुसतं एंटर. मग सीडीतल्या 'आय३८६' फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट डॉट कॉम या दोन फाइल्स थेट सी ड्राइव्हवर कॉपी केल्या आणि रीस्टार्ट केलं. दिवाणजींचा चहा संपायच्या आत हिशोब पडद्यावर होता. सीडी नसली तर दुसऱ्या एक्सपी मशीनवरून याच दोन फाइल्स आणल्या तरी भागतं. कुठलं विंडोज चालू करायचं याची यादी असलेली बूट डॉट आयएनआय ही फाइल गेली असेल तर त्याच कन्सोलमध्ये 'बूटसीएफजी /रीबिल्ड' ही कमांड द्यायची.

•••

२००२ सालचं टेडी बेअर कुणाला आठवतंय का? "जेडीबीजीएमजीआर डॉट एक्सई हा व्हायरस आहे, १४ दिवस दबा धरून बसतो, अँटिव्हायरसला सापडत नाही, लगेच डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा," अशी मेल फिरत होती. शोधली की फाइल हमखास सापडायची, कारण ती विंडोजचीच. त्यात आयकॉन अस्वलाचा, म्हणून संशय पक्का. आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांनी उडवली. ती होती जावाच्या डीबगरची (प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या साधनाची), त्यामुळे कुणाचं फारसं अडलं नाही. आदल्या वर्षी सल्फएनबीके डॉट एक्सई या फाइलवरून हेच झालं होतं. ती विंडोज ९८ च्या सीडीवरच्या कॅब (दाबून भरलेल्या) फाइलींमधून परत काढता यायची.

•••

लिनक्सवाल्यांसाठी. कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरवर एका विद्यार्थ्याने रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) लॉगिन असताना '/लिब६४' मधली 'लिबसी डॉट एसओ डॉट ६' ही लिंक काढली. लिबसी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी सामाईक लायब्ररी. झालं, फाइल्सची यादी दाखवणारी एलएस चालेना, कॉपी करणारी सीपी चालेना, फाइल हलवणारी एमव्हीही नाही. प्रत्येक कमांडला एकच उत्तर: शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. मी पोचलो तेव्हा तो रीबूट करायच्या बेतात होता. त्याला तिथेच थांबवलं, कारण उघडी असलेली रूटची शेल (कमांड घेणारी खिडकी) हाच एकमेव धागा हातात होता. ती बंद झाली असती तर नवं लॉगिन मिळालंच नसतं.

शेल आधीच मेमरीत असते, म्हणून तिच्या पोटातल्या कमांड चालत राहतात. एलएसऐवजी 'एको /लिब६४/लिबसी*' दिलं आणि 'लिबसी-२.१२ डॉट एसओ' ही खरी फाइल जागेवरच दिसली. गेली होती ती फक्त तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक. 'एसबिन' मध्ये 'एसएलएन' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो स्टॅटिक बांधलेला असतो, त्याला लिबसी लागतच नाही. त्याला खऱ्या फाइलचा आणि लिंकचा पूर्ण पत्ता दिला, एंटर मारलं, आणि पुढचा एलएस सरळ चालला. सर्व्हर बंदसुद्धा करावा लागला नाही. हा प्रोग्रॅम कुणी शिकवत नाही, पण सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत हवा असं मला ठामपणे वाटतं. खरी फाइलच गेली असती तर मात्र लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून) मशीन चालू करून ती परत आणावी लागली असती.

•••

विंडोज १० मध्ये डीएलएल (अनेक प्रोग्रॅमना लागणारी सिस्टिम फाइल) उडाली असेल आणि सिस्टिम फाइल्स तपासून दुरुस्त करणाऱ्या 'एसएफसी /स्कॅननाऊ' या कमांडला ती दुरुस्त करता येत नसेल, तर आधी विंडोजच्याच 'डिझम' या साधनाचं 'रिस्टोअरहेल्थ' चालवा, मग पुन्हा एसएफसी. या क्रमाने माझं काम झालंय.

•••

मी जर्मनीत, आईबाबा नाशिकला. चुलतभावाने जागा करायला म्हणून १०० एमबीचं 'निरुपयोगी' पार्टिशन (हार्ड डिस्कचा एक कप्पा) उडवलं. ते होतं ईएफआयचं, विंडोज ११ चालू करणाऱ्या फाइल्स त्यातच. व्हिडिओ कॉलवर भावाकडून दुसऱ्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह करून घेतला, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. पण सी ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलुपाने) बंद, ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, हवी. बाबांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती फोनवर मिळाली. ते आकडे वाचत गेले, भाऊ टाइप करत गेला. ड्राइव्ह उघडल्यावर 'डिस्कपार्ट' या कमांडने ईएफआय पार्टिशन नव्याने केलं, फॅट३२ ने फॉरमॅट करून 'एस' अक्षर दिलं आणि 'बीसीडीबूट' या कमांडने विंडोज चालू करणाऱ्या फाइल्स तिथे लिहिल्या. पहिल्यांदा चालू होताना ती रिकव्हरी की पुन्हा मागितली, तेवढंच. बाबांचा सगळा डेटा होता तसाच मिळाला.

•••

मॅकवर असं काही निस्तरलेलं कुणी असेल तर जरूर लिहा, त्यावर इथे अजून काहीच आलेलं नाही.