मदत हवी आहे: झायलिटॉल एन्झाइमवर नेमकं कुठे बसतं, हे कशावरून म्हणायचं?

मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. पुढच्या आठवड्यात गाइडसमोर उभं राहायचंय, म्हणून घाईत विचारतेय.

स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचं झायलोज आयसोमरेज वापरतेय (बाजारात ग्लुकोज आयसोमरेज म्हणतात, मक्यापासून फ्रुक्टोज सिरप करतात ते). झायलोज द्यायचं आणि तयार झालेलं झायलुलोज सिस्टीन-कार्बाझोलने मोजायचं. इनहिबिटर (एन्झाइमचं काम अडवणारा रेणू) झायलिटॉल, च्युइंगगममधलं. लाइनविव्हर-बर्कच्या (वेगाचा व्यस्तांक विरुद्ध झायलोजच्या प्रमाणाचा व्यस्तांक) रेषा वाय-अक्षावर सुरेख मिळतात, म्हणजे इनहिबिशन स्पर्धात्मक: झायलोज किंवा झायलिटॉल, एका वेळी एकच बसतं. मी खूश. पण गाइड म्हणाले, "स्पर्धा कळली, जागा कुठे कळली?" माझी बोलती बंद.

दुसरं दुखणं: झायलोजचा केएम (निम्म्या कमाल वेगासाठी लागणारं प्रमाण) आणि झायलिटॉलचा केआय (इनहिबिटर किती घट्ट बसतो त्याचं माप, आकडा लहान तितका घट्ट), दोन्ही वाचलेल्या आकड्यांच्या साधारण तिप्पट येतात. चार वेळा केलं. बफर ५० मिलिमोलर ट्रिस, शिवाय १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. कुठे चुकतंय?

(कुलूप-किल्लीचं उदाहरण कृपया नको, ते बारावीपासून पाठ आहे.)

प्रतिसाद १

गाइडचं बरोबर आहे. आलेखावरून एवढंच कळतं की दोघं एका वेळी बसू शकत नाहीत. जागा दिसते ती एन्झाइमच्या क्रिस्टलमध्ये (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी काढतात तिथे), आणि तिथे इनहिबिटरशिवाय भागत नाही. खरी साखर दिली तर क्रिस्टलमध्येही एन्झाइम तिला बदलत राहतं, त्यामुळे चित्रात सगळ्या अवस्थांची खिचडी होते. झायलिटॉलला दोन्ही टोकांना नुसते अल्कोहोल गट आहेत, कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) नाही. म्हणून त्याचं वलयही होत नाही आणि रूपांतरही नाही. ते सरळ साखळी होऊन बसून राहतं. त्याचे दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवरचे ऑक्सिजन एन्झाइममधल्या दोन धातू-आयनांपैकी (तुमच्याकडे मॅग्नेशियम) पहिल्याला धरतात. दुसरा धातू जवळच असतो. शिवाय त्या खोबणीत शेजारच्या उपघटकाचं (एन्झाइम चार प्रथिन-साखळ्यांचं असतं, त्यातली एक) एक फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल डोकावतं, चार उपघटक एकत्र असण्याचा अर्थ तिथे कळतो.

उलट ५-थायोग्लुकोज (वलयात ऑक्सिजनऐवजी गंधक असलेलं ग्लुकोज) वलयाच्या रूपातच अडकतं. १९९० च्या सुमारास आर्थ्रोबॅक्टर या दुसऱ्या जिवाणूच्या याच एन्झाइमवर ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवली गेली, आणि आधी वलय उघडतं, मग हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉनसह हायड्रोजन) एका कार्बनवरून दुसऱ्यावर सरकतं, हा क्रम मांडला गेला. तोवर अनेकांचा भर एनडायॉलवर (हायड्रोजन प्रोटॉन म्हणून निघून मध्ये बनणारी अवस्था) होता. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात रंजक भाग हाच आहे, त्याला दोन पानं द्या.

प्रतिसाद २

ताई, ट्रिस! या एन्झाइमचा ट्रिस स्वतःच इनहिबिटर आहे. त्याची रचना आठवा, एका कार्बनवर तीन हायड्रॉक्सिमेथिल हात, म्हणजे साखरेचा चुलतभाऊच. तुमचे दोन्ही आकडे एकाच पटीत फुगलेत, हीच खूण. ट्रिस आणि झायलिटॉल एकाच वेळी बसू शकत असते, तर केआय असा वाढला नसता.

ट्रिसऐवजी मॉप्स हा बफर घ्या. फॉस्फेट नको, मॅग्नेशियमबरोबर साका बसेल. पाणी डीआयोनाइज्डच वापरा, कॅल्शियमही या एन्झाइमला मारक आहे.

धागाकर्ती

अरे देवा. म्हणजे महिनाभर मीच ट्यूबमध्ये दुसरा इनहिबिटर ओतत होते! बाजूच्या लॅबमध्ये मॉप्स मिळालंय, उद्या करते. पण ट्रिसचा डेटा आता कचऱ्यात?

प्रतिसाद २

मुळीच नाही. मॉप्समध्येच झायलोज कायम ठेवा, ट्रिसचं प्रमाण दोन-तीन पातळ्यांवर घ्या, आणि प्रत्येक पातळीवर झायलिटॉल वाढवत वेगाचा व्यस्तांक काढा. रेषा समांतर आल्या तर दोघांपैकी एकच बसतो, एकमेकींना छेदल्या तर दोघांना जागा आहे. याला योनेतानी-थिओरेल आलेख म्हणतात. फक्त ट्रिस घातल्यावर पीएच पुन्हा जुळवायला विसरू नका.