मदत हवी आहे: दम्याच्या संशोधनात मुलाला सहभागी करावं का?

मुलगा ९ वर्षांचा, दमा आहे, बुडेसोनाइडचा पंप स्पेसरने रोज घेतो. सिंहगड रोडची धूळ आणि हिवाळा एकत्र आला की शिट्टी वाजायला लागतेच. आता डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल विचारलंय. चालू पंप बंद होणार नाही, त्याच्या जोडीला काही मुलांना नवं औषध आणि काहींना प्लासिबो, म्हणजे तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

सासूबाईंचं एकच, "पोरावर प्रयोग कशाला?" मला तसं टोकाचं वाटत नाही, आजचे पंपही कुणाच्या तरी मुलांनी आधी घेतलेच असणार. सीटीआरआय, म्हणजे अशा अभ्यासांची भारतातली सरकारी नोंदवही, तिच्या साइटवर या अभ्यासाची नोंदणी तपासली, आहे. आमच्या सहीबरोबर ७ वर्षांपुढच्या मुलाचीही संमती लागते आणि कधीही बाहेर पडता येतं, हेही कळलं. पण मुलगा 'नको' म्हणाला तर खरंच ऐकतात का?

पुण्यात कुणाचं मूल अशा अभ्यासात होतं का? स्पायरोमेट्रीसाठी (फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी) शाळा किती बुडते? आणि मुख्य म्हणजे, रात्री दोनला अटॅक आला तर दिलेल्या नंबरवर फोन उचलतात का? इथे लिहायचं नसेल तर मेसेज करा. पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.