मदत हवी आहे: रजिस्ट्रेशनमध्ये ठेवलेली सनई गाण्याच्या मध्येच बदलते (यामाहा पीएसआर-एसएक्स७००)

दांडियाबाजार_बडोदे

नमस्कार मंडळी,

गणपतीत मंडळांच्या स्टेजवर भक्तिगीतं-भावगीतं आणि नवरात्रात शेरी गरबा, दोन्हीकडे मी कीबोर्ड वाजवतो. वाद्य एकच, यामाहा पीएसआर-एसएक्स७००. साउंड मात्र दोन्हीकडे अगदी निराळे लागतात. गणपतीला पेटी, बासरी, मागे हलकं रिव्हर्ब, झालं काम. गरब्यात सनई आणि क्लॅरिनेट ढोलांच्या वर ऐकू यायला हवेत, म्हणून ईक्यू (जाड-पातळ आवाजाचा तोल), डिले (मागून येणारा प्रतिध्वनी) सगळं चढवून ठेवलेलं असतं. दोन्हींसाठी वेगळ्या रजिस्ट्रेशन बँका (एकेका बटणावर साठवलेली पूर्ण मांडणी) केल्या आहेत, आठही बटणं भरलेली.

आता अडचण. गरब्याच्या बँकेतलं पहिलं बटण दाबलं की सनई हवी तशीच येते. पण मुखडा संपून अंतरा सुरू झाला की उजव्या हाताखाली भलतंच काहीतरी वाजायला लागतं, कधी स्ट्रिंग्ज, कधी ब्रास. भावगीतांच्या बँकेत असं कधीच होत नाही. त्यामुळे बँक फाइलच खराब झाली असावी असं आधी वाटलं, म्हणून ती नव्याने केली. तरी तेच.

दुसरं, स्केलचं. गाणी काळी चारमध्ये बसवलेली आहेत. परवा तालमीत गायिकेचा घसा बसला होता, म्हणून ट्रान्सपोझ (अख्खं स्केल सरकवणं) एक खाली केला, पांढरी पाच. पुढच्या गाण्याचं बटण दाबलं आणि वाद्य परत काळी चारमध्ये. त्या बेनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगण्यासारखं नाही.

तिसरं, क्लॅरिनेटचा डिले मी आकडे बदलून बसवतो. मध्ये दुसरा व्हॉइस (वाद्याचा आवाज) निवडून परत क्लॅरिनेटवर आलं की तो साधा, कोरडा होऊन येतो.

आणि एक किरकोळ: हिंच या गरब्याच्या तालाच्या स्टाइल्स (तयार ताल-साथ) पेन ड्राइव्हवर आहेत. तोच माल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून लावला तर रजिस्ट्रेशन त्या स्टाइल्स उचलत नाही.

इथल्या एका दुकानदाराने "फॅक्टरी रीसेट मारून बघा, सगळं सरळ होईल" असं सांगितलं. मारण्याआधी इथे विचारतोय.

कोपऱ्यातला_तबलजी

रीसेट आत्ता अजिबात नको! त्या पानावर काय काय पुसायचं याचे चौकोन असतात. फाइल्स आणि फोल्डर्सच्या चौकोनात टिक राहिली तर यूजर ड्राइव्हवरच्या तुमच्या सगळ्या बँका आणि व्हॉइस साफ. दुकानदाराचं काय जातंय.

सुदामानगर_इंदूर

एक सांगा. सनई बदलते ती नेमकी मेन बी किंवा सीचं (स्टाइलच्या पुढच्या भागाचं) बटण दाबल्यावर बदलते का? आणि भावगीतांना तुम्ही बहुतेक मेन ए वरच राहता ना?

दांडियाबाजार_बडोदे

होय! अंतऱ्याला मेन बी करतो आणि तिथेच बदलते. भावगीतांत सगळा वेळ मेन ए, फार तर एखादा फिल. तुम्हाला कसं कळलं?

सुदामानगर_इंदूर

मग ते ओटीएस लिंक आहे. बँकेला दोष देऊ नका.

यामाहात प्रत्येक स्टाइलबरोबर चार वन टच सेटिंग, म्हणजे ओटीएस, येतात. त्या स्टाइलला शोभतील असे उजव्या हाताचे व्हॉइस, त्यांचे इफेक्ट, सगळं त्यात बांधलेलं असतं. ओटीएस लिंक चालू असलं की मेन ए, बी, सी, डी या चार भागांना ही चार सेटिंग आपोआप जोडली जातात. तुम्ही मेन बी दाबता, वाद्य प्रामाणिकपणे दुसरं ओटीएस आणून ठेवतं आणि सनई जाते. लिंक बंद करा. किंवा त्याचा फायदा घ्या: मेन बी साठी हवा तो साउंड लावा, मेमरी बटण दाबून ओटीएसचं दुसरं बटण दाबा आणि स्टाइल यूजर ड्राइव्हवर सेव्ह करा. मग अंतऱ्याला क्लॅरिनेट आपोआप येईल, हात उचलायलाही नको. गरब्यात दोन्ही हात अडकलेले असताना याची फार मदत होते. पण स्टाइल सेव्ह करायला विसरलात तर दुसरी स्टाइल निवडताच ते ओटीएस गेलं.

आता डिले. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण साउंड ठेवायच्या जागा वेगवेगळ्या आहेत आणि रजिस्ट्रेशन ही त्यातली सगळ्यात वरची. रजिस्ट्रेशन म्हणजे पॅनलचा त्या क्षणी काढलेला फोटो समजा. कुठला व्हॉइस, कुठली स्टाइल, टेम्पो किती, हे त्यात येतं. क्लॅरिनेट स्वतः मात्र मूळ क्लॅरिनेटच राहतो. तुम्ही यादीतून व्हॉइस निवडता तेव्हा त्या व्हॉइसबरोबर कारखान्यातून ठरलेले इफेक्टही येतात, याला व्हॉइस सेट म्हणतात. म्हणून परत आल्यावर तुमचा डिले पुसलेला असतो.

कायमचं काम करायचं तर खालून वर या. आधी मिक्सरमध्ये इफेक्टच्या पानावर डीएसपीचा (डिलेसारख्या इफेक्टचा) प्रकार निवडून आकडे बदला आणि तो यूजर इफेक्ट म्हणून सेव्ह करा. मग व्हॉइस एडिटमध्ये क्लॅरिनेट उघडून हा डीएसपी, त्याची डेप्थ आणि ईक्यू लावा आणि यूजर ड्राइव्हवर स्वतःच्या नावाने ठेवा. "गरबा क्लॅर" वगैरे काहीही, पण मूळ नावाहून वेगळं. मग हा नवा व्हॉइस पॅनलवर घ्या आणि मेमरी दाबून रजिस्ट्रेशनच्या बटणावर ठेवा. शेवटी बँक फाइल सेव्ह करा. रजिस्ट बँकचे प्लस आणि मायनस एकदम दाबले की बँकांचं पान उघडतं, सेव्ह तिथून. बटणावर ठेवणं आणि बँक सेव्ह करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पहिली करून खुश होतात, मग दुसरी बँक उघडतात आणि नंतर शोधत बसतात.

इतका खटाटोप नको असेल तर मेन्यूत व्हॉइस सेटिंगमध्ये व्हॉइस सेट फिल्टर आहे. तिथे त्या पार्टच्या इफेक्टची टिक काढली की व्हॉइस बदलला तरी सध्याचा इफेक्ट तसाच राहतो. मला स्वतःला हे आवडत नाही. सनईचा डिले मग पेटीलाही चिकटून बसतो आणि पेटी विहिरीतून आल्यासारखी वाटते.

पांढरी_दोन

ट्रान्सपोझचं सोपं आहे. मेमरी दाबल्यावर जी खिडकी येते तिथे ट्रान्सपोझची टिक काढून मग बटणावर ठेवा. रजिस्ट्रेशन त्याला हात लावणार नाही.

सुदामानगर_इंदूर

चालेल, पण गणपतीच्या कार्यक्रमात त्रास होईल. तिथे एका गाण्याला पुरुष गायक काळी एकमध्ये, पुढच्याला बाई काळी चारमध्ये. तिथे बटणाबरोबर स्केल बदललेलं हवंच असतं. म्हणून फ्रीझ बरा, म्हणजे टिक केलेली गोष्ट बटण बदललं तरी तशीच राहते. मेन्यूत रजिस्ट फ्रीझमध्ये ट्रान्सपोझवर टिक करून ठेवा आणि घसा बसला असेल त्या दिवशीच पॅनलवरचं फ्रीझ बटण चालू करा. दिवा विझवला की सगळं मूळपदावर.

गरब्यात टेम्पोही फ्रीझमध्ये घ्या. लोक रंगात आलेले असतात, तुम्ही हळूहळू वेग चढवलेला असतो आणि नवं बटण दाबताच टेम्पो खाली येतो. शेरीत याहून मोठा अपराध नाही.

पांढरी_दोन

माझ्याकडे प्रत्येक गायकाची वेगळी बँक असते, म्हणून टिक काढून भागतं. पण तुमचं म्हणणं पटलं, एकच बँक दोघांना वापरायची तर फ्रीझच.

लश्कर_ग्वाल्हेर

माझ्याकडे कोर्ग पीए७०० आहे. धागा यामाहाचा आहे, पण कोणी कोर्गवाला वाचत असेल तर: आमच्याकडे नावं वेगळी, घोळ तोच. प्रत्येक स्टाइलला चार कीबोर्ड सेट (तुमच्या ओटीएससारखे) असतात, साँगबुकच्या (गाण्यांच्या यादीच्या) नोंदीलाही चार. साउंड एडिट करून राइट केलं म्हणजे त्याबरोबर इफेक्टही गेले असं समजू नका. इफेक्ट कीबोर्ड सेटबरोबर राहतात. म्हणून साउंड वेगळा लिहा, कीबोर्ड सेट वेगळा लिहा, मग साँगबुकची नोंद करा. पेन ड्राइव्हवर सगळं एका सेट फोल्डरमध्ये जातं, ते अख्खंच उचला, आतल्या फाइली निवडत बसू नका.

इथे लश्करात लग्नाच्या हंगामात बँडवाले एकमेकांचे सेट सर्रास मागतात. देताना माझा हात जरा आखडतो, खरं सांगतो. महिनोन्‌महिने खपून केलेली पेटी असते.

कोपऱ्यातला_तबलजी

देऊन टाका हो. हात कुठे देताय!

सुदामानगर_इंदूर

पेन ड्राइव्हचं राहिलंच. रजिस्ट्रेशनमध्ये स्टाइलचा पत्ता असतो, स्टाइल स्वतः नसते. पत्ता म्हणजे यूएसबी, अमुक फोल्डर, तमुक नाव. नव्या पेन ड्राइव्हवर कॉपी करताना फोल्डरचं नाव बदललं किंवा माल एक फोल्डर आत गेला, तर सापडणार कसं? तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. हिंचच्या स्टाइल्स फार मोठ्या नसतात, यूजर ड्राइव्हवर हलवा. पण नुसतं हलवून भागणार नाही, जुना पत्ता यूएसबीचाच राहील. स्टाइल यूजरमधून निवडून ते बटण पुन्हा मेमरीत घालावं लागेल. हाच नियम तुमच्या नव्या "गरबा क्लॅर"लाही. आधी त्याची कायमची जागा ठरवा, मग रजिस्ट्रेशन करा.

एक्स्पान्शन पॅक (जादा व्हॉइस-स्टाइल्सचा संच) टाकला आहे का? असेल तर नवा टाकताना जपून. एसएक्स७०० मध्ये नवा पॅक इन्स्टॉल केला की आधीचा जातो. दोन्ही हवे असतील तर कंप्युटरवर यामाहा एक्स्पान्शन मॅनेजरमध्ये एकत्र करून मगच टाकायचे.

दांडियाबाजार_बडोदे

ओटीएस लिंक चालूच होतं. बंद केलं, सनई जागची हलत नाही. मग तुमचं ऐकून तीन स्टाइल्सच्या मेन बी मध्ये क्लॅरिनेट बसवला. हे तर भारीच निघालं.

ट्रान्सपोझ आणि टेम्पो फ्रीझमध्ये घातले. क्लॅरिनेटचा यूजर व्हॉइस केला, यादीत इकडे-तिकडे फिरून आलो तरी डिले शाबूत आहे. पॅक टाकलेला नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. स्टाइल्सचं काम बाकी आहे, आठ बटणं पुन्हा भरायची म्हणजे एक दुपार जाणार.

आता फ्रीझमुळे एक नवीन निघालं. टेम्पो चढत गेला की क्लॅरिनेटचा डिले तालात बसत नाही. सुरुवातीला छान वाटतो आणि शेवटी शेवटी नुसता गिचका होतो.

सूरसागर_समोर

मी तुमच्याच गावचा, म्युझिक कॉलेजचा जुना विद्यार्थी. तुमचा डिले मिलिसेकंदात बांधलेला आहे. १२० च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, १५० ला ४०० ची. तुम्ही १२० ला मोजून बसवलेला डिले १५० ला मात्रेच्या पुढे जाऊन पडणारच. डीएसपीच्या यादीत टेम्पो डिले नावाचे प्रकार आहेत, ते स्टाइलच्या टेम्पोबरोबर स्वतःला बदलतात. तिथे मिलिसेकंदांऐवजी मात्रेचा भाग निवडायचा असतो, पाव, आठवा वगैरे. यूजर इफेक्ट आणि यूजर व्हॉइस पुन्हा सेव्ह करावे लागतील, इलाज नाही.

आणि फीडबॅक (डिले किती वेळा परत येतो ते) कमी ठेवा. शेरीत दोन्ही बाजूंना घरं, भिंतींवरून आवाज तसाही परत येतो. घरी हेडफोनवर सुंदर वाटलेला डिले तिथे दुप्पट वाटतो. मी तर सेटिंग शेरीतच, माणसं यायच्या आधी साउंडवाल्याच्या स्पीकरवर ऐकून मग सेव्ह करतो.

दांडियाबाजार_बडोदे

टेम्पो डिले लावला, काय फरक आहे! आठव्यावर ठेवला, फीडबॅक निम्मा केला.

शेवटचं एक. बटण दाबायला हात मोकळा नसतो तेव्हा रजिस्ट्रेशन पायाने बदलता येतं का? सस्टेनचं पेडल एकच आहे.

सुदामानगर_इंदूर

येतं. मागे फूट पेडलची दोन जॅक आहेत, दुसऱ्यात साधा फूटस्विच लावा आणि त्याला रजिस्ट्रेशन प्लस असाइन करा. दर दाबण्याला पुढचं बटण. फक्त बटणांचा क्रम गरब्याच्या क्रमाने लावून घ्या, नाहीतर आरतीचा साउंड मध्येच येईल.