विषाणू वेगळा, जिवाणू वेगळा

‘घशाचा कॅन्सर तोंडातल्या जिवाणूंमुळे होतो’ असं म्हटलं जातं, त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. घशाच्या कॅन्सरशी पक्कं नातं सिद्ध झालंय ते एचपीव्हीचं (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस), आणि तो विषाणू आहे. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरमध्ये तो सापडतो. जिवाणूंचं प्रकरण अजून तपासाच्या पातळीवर आहे.

अर्थात कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पोटातल्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूमुळे पोटाचे आजार होतात, यावरही लोक हसलेच होते; ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 साली तो जंतू स्वतः पिऊन दाखवला (काय धाडस!), आणि 1994 मध्ये तो कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत गेला. तोंड-घशाच्या बाबतीत 2024 मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास आला. सुमारे 1 लाख 60 हजार लोकांच्या तोंडातले नमुने आधी घेऊन ठेवले, मग काही वर्षं वाट पाहिली, आणि कॅन्सर झालेल्यांच्या नमुन्यांतले जंतू कॅन्सर न झालेल्या काही जणांशी ताडून पाहिले. जिवाणूंच्या तेरा जातींचा डोके-मानेच्या कॅन्सरशी संबंध दिसला. पण कॅन्सर झालेले होते 236 जण. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही.

एक धागा मात्र मला पटतो: तोंडातले काही जंतू दारूचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन करतात, आणि ते कॅन्सरकारक आहे. म्हणजे जंतू आणि व्यसन एकमेकांना हात देतात.

‘मग अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ का?’ असं कुणी विचारेल. अजिबात नको! हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसावाल्यांकडे. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तर जंतूंच्या आधी ती डबी बाहेर काढा.