उत्तर: लाल पडलेलं पाचाचं नाणं

टांकसाळीत चुकून वेगळी छापली गेलेली नाणी कशी ओळखायची, यावर वर लिहिलंय. नाण्यावरची रेघ खोल गेलेली असेल तर नंतर पडलेला ओरखडा, वर उठलेली असेल तर छापायच्या साच्याची भेग, हे त्यातलं मान्य. पण लाल पडलेल्या पाचाच्या नाण्याला "चुकीच्या धातूवर छापलेलं" म्हणून जो भाव सांगितला जातोय, तो काही पटत नाही. अशी नाणी आमच्याकडे रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात सुट्ट्यात सर्रास येतात. खारं पाणी, बर्फाचं पाणी, त्यात कोळणीच्या कमरेची ओली पिशवी. पिवळं पाचाचं नाणं निकेल-ब्रासचं, म्हणजे ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त, ५ टक्के निकेल. मीठ लागत राहिलं की वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. टांकसाळीचा त्यात काही हात नाही.

खात्री करायची तर कडेला भिंगातून बघा. मिठानं आलेली लाली ठिपक्याठिपक्यांची असते, पृष्ठभाग खरखरीत लागतो, अक्षरांची धार बोथट झालेली असते. मग सोनाराच्या काट्यावर ठेवा. ₹ चिन्हाचं २०११ नंतरचं जुन्या आकाराचं (२३ मिमी) नाणं ६ ग्रॅमचं असतं. गंजलेलं थोडंसंच हलकं भरेल, पण खरोखर दुसऱ्या नाण्याच्या चकतीवर छापलं असेल तर वजन बहुधा चांगलंच चुकतं. आणि कृपा करून चिंचेनं घासून चकचकीत करू नका, विकणारे नेमकं तेच करून फोटो टाकतात.