मदत हवी आहे: दुसऱ्या प्रोजेक्टमधला कोड घेतला, पीआर (कोड सामील करण्याची विनंती) अडकलाय

ऐरोलीकर
सोसायटीच्या मेंटेनन्स पावत्यांचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. पावतीवर रक्कम मराठीत अक्षरी हवी होती. शंभरापर्यंतची नावं नियमात बसत नाहीत, अख्खी यादीच लागते. दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तयार फाइल मिळाली, उचलली, पीआर टाकला. आमच्या सॉफ्टवेअरचा कोड सांभाळणारा मेंटेनर म्हणतो, घेता येणार नाही. रविवारी सभा आहे, लवकर सांगा.

घणसोली_गिट
कॉपी कशाला? सबमॉड्यूल लाव, म्हणजे त्यांच्या प्रोजेक्टचा नुसता दुवा. तिकडची दुरुस्ती आपोआप इकडे.

कोपरीचा काका
आपोआप कुठली? सबमॉड्यूल एका कमिटला, म्हणजे कोडच्या एका ठरावीक नोंदीला बांधलेलं असतं. नवा माणूस क्लोन करतो, म्हणजे प्रत उतरवतो, आणि फोल्डर रिकामं. सबट्री वापरा, त्यांचा कोडच आपल्या फोल्डरात येतो.

घणसोली_गिट
आणि बदलांच्या हिस्टरीचा चिवडा करा.

कोपरीचा काका
स्क्वॉश असतं, त्यांच्या सगळ्या नोंदींची एकच होते. मॅन्युअल वाचत जा.

टेंभीनाका
दोन्हीकडे लायसन्स काय?

ऐरोलीकर
दोन्ही ओपन सोर्सच आहेत हो!

टेंभीनाका
तेवढ्याने भागत नाही. नावं सांगा.

ऐरोलीकर
आमचं अपाची २.०. त्यांचं जीपीएल २.

टेंभीनाका
इथेच अडलंय. जीपीएलचा कोड घातला की सगळंच जीपीएलखाली द्यावं लागतं, वर जादा बंधन चालत नाही. अपाचीतल्या पेटंटच्या अटी जीपीएल २ च्या लेखी जादा बंधन ठरतात. २००७ च्या जीपीएल ३ शी जुळतं, तेही एकाच बाजूने: अपाचीचा कोड तिकडे जातो, तिकडचा अपाचीत येत नाही. असंच, लिबरऑफिस अपाची लायसन्सच्या ओपनऑफिसचा कोड घेऊ शकतं, ओपनऑफिसला मात्र त्यांचा तसाच उचलता येत नाही. दोन्ही ऑफिसची सॉफ्टवेअर, एकाच मूळ कोडमधून निघालेली असून! सबमॉड्यूल लावा नाहीतर सबट्री, लायसन्स बदलत नाही. फाइलच्या वरच्या ओळींत 'किंवा त्यानंतरची आवृत्ती' आहे का?

वाशी_सेक्टर१७
एक्सेलमध्ये मॅक्रो टाका, आमच्या सोसायटीत मस्त चालतं.

ऐरोलीकर
'फक्त आवृत्ती २' लिहिलंय. लेखक चार-पाच दिसतात. एकाला विचारलं तर?

टेंभीनाका
ज्यांचा ज्यांचा कोड त्यात आहे, त्या सगळ्यांचा होकार लागेल. एखादा वर्षानुवर्षं मेलच उघडत नसतो. त्यापेक्षा यादी स्वतः टाइप करा, त्यांची फाइल न बघता. आकड्यांची नावं कुणाच्या मालकीची नाहीत.

कोपरीचा काका
एकोणऐंशी आणि एकोणनव्वद तपासून घे. आमच्या पावतीवर दहा रुपयांवरून भांडण झालंय.

ऐरोलीकर
ठीक, बसतो टाइप करायला. हे मेंटेनरनेच दोन ओळींत सांगितलं असतं तर?

कळव्याची_सई
हे सॉफ्टवेअर विंडोज ७ वर चालेल का? आमच्या सेक्रेटरींकडे तेच आहे.