मदत हवी आहे: बोटीच्या व्ही-८ इंजिनाच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा हेड न उतरवता बदलता येतील का?

शहाद्याचा मिस्त्री

राम राम मंडळी. शहाद्यात माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप, विहिरीवरची डिझेल इंजिनं यांत वीस वर्षं गेली. बोटीचं पेट्रोल इंजिन मात्र पहिल्यांदाच अंगावर घेतलंय. घेतलंय कसलं, दाजींनी आणून टाकलंय. बहिणीच्या घरचं काम, नाही म्हणायची सोय नाही.

दाजींनी कोकणातून जुनी स्पीडबोट उचलली. सारंगखेड्याच्या बॅरेजमागे तापीचं पाणी चांगलं पसरलेलं असतं, तिथे फिरवायची हौस. इंजिन अमेरिकन, ५.७ लिटर, शेवरोलेच्या ३५० घनइंची ब्लॉकवर बांधलेलं, कार्बोरेटरवालं, २६० घोड्यांचं. आधीच्या मालकाकडे दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून होतं.

मिनिटाला ३५०० फेऱ्यांपर्यंत गुमान चालतं. ३८०० च्या पुढे फटफट करत कार्बोरेटरमधून उलटं फेकतं आणि वर जातच नाही. पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ४४०० ते ४८०० दिलंय. प्लग, वायरी, डिस्ट्रिब्यूटर कॅप, पेट्रोल फिल्टर नवे. टायमिंग बरोबर. कॉम्प्रेशन आठही सिलिंडरचं १५० पौंडांच्या आसपास. मग व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ दाखवणारं मीटर, लावलं. आयडलला सुई स्थिर, पण फेऱ्या वाढतील तशी तिची थरथर वाढते. कव्हर उघडलं तर उजव्या हेडवरच्या दोन स्प्रिंगांवर गव्हावर तांबेरा पडावा तसा गंज.

हेड उतरवायचं म्हणजे मॅनिफोल्ड, पाण्याच्या नळ्या, गॅस्केट सगळंच आलं, आणि बोटीच्या पोटात जागा एका माणसाची, तीही बारीक माणसाची. वरूनच काम होईल का? दोनच बदलू की सोळाही? पार्टवाला म्हणतो रेसिंगच्या जाड स्प्रिंगा टाका, इंजिन अजून फिरेल. दत्तजयंतीच्या यात्रेआधी बोट पाण्यात हवी आहे.

खान्देशी पावणा

सारंगखेड्याच्या यात्रेत एवढे घोडे येतात, त्यात तुमचेच २६० लंगडे निघाले भो!

पंखेवाला

आधी प्रोपेलरचा पिच, म्हणजे पंखा एका फेरीत पाण्यात किती पुढे सरकावा ते माप, बघा. पिच १ इंच जास्त असला तर १५० ते २०० फेऱ्या कमी पडतात. उगाच इंजिन खोलू नका.

शहाद्याचा मिस्त्री

पंखेवाले दादा, पंखा जड असता तर इंजिन नुसतं दबलं असतं. हे फटफटतं, आणि सुई तर किनाऱ्यावर, पंख्यावर जोर नसतानाही थरथरते.

माझगावचा जुना

मिस्त्री, तुमचं निदान बरोबर वाटतं. स्प्रिंग थकली की वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह, त्याला उघडणाऱ्या कॅमच्या मागे, वेळेत परत येत नाही, सीटवर आदळून उसळतो. गाडीला उतार मिळतो, बोट म्हणजे दिवसभर घाट चढणारा ट्रक. म्हणून गाडीत चालून गेली असती ती स्प्रिंग इथे उघडी पडते.

गंजलेली तर वापरूच नका. गंजाच्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो, आणि स्प्रिंग तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर पडला तर इंजिन भंगारात. सोळाही बदला, सोबत स्टेमचे ऑईल सीलही. तेल दुधाळ चहासारखं झालंय का तेही पाहा. झालं असेल तर पाणी आत येतंय, आधी तो शोध.

जाड स्प्रिंगा नकोत. फेऱ्या स्प्रिंग वाढवत नाही. जादा दाबाने कॅम आणि त्यावर टेकलेले टॅपेट घासतात, आणि जुन्या हेडमध्ये रॉकरचे स्टड ठोकून बसवलेले असतात, ते वर उपसून येतात. मात्र मधल्या कोणी कॅम बदलला असेल तर पुस्तकातला आकडा कामाचा नाही. रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगेवरच्या टोपीवर, डायल लावून लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, मोजा. पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना भिडायला निदान दीड मिलिमीटर बाकी हवं.

हेड उतरवायची गरज नाही. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर येत असताना थोडा खाली थांबवा, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडा, टोक बाहेर ठेवा, क्रँक हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा. दोरी व्हॉल्व्हला खालून टेकू देते. कॉम्प्रेसरची हवाही चालते, पण पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, नेमका नसला तर क्रँक फिरते आणि पाना मनगटावर येतो. मी दोरीवालाच. क्रँक उलटी फिरवू नका, पाण्याच्या पंपाच्या रबरी पाकळ्या मुडपतात. हेडमधली तेल परतायची भोकं कापडाने बुजवा.

हे सगळं बॅटरी काढून. बोटीच्या तळाला पेट्रोलची वाफ साचते, नंतर स्टार्टर मारण्याआधी ब्लोअर चालवाच.

जुनी स्प्रिंग काढलीत की प्रेसखाली वजनकाटा ठेवून दाबा. या ब्लॉकच्या जुन्या मूळ स्प्रिंगेला १.७० इंचावर ७६ ते ८४ पौंड हवेत, म्हणजे साधारण ३४.५ ते ३८ किलो.

शहाद्याचा मिस्त्री

दाजींच्या पपईचा काटा बेअरिंगच्या प्रेसखाली ठेवला. चौदा स्प्रिंगा २९ ते ३२ किलो. गंजलेल्या दोन, २४ आणि २५. तेल स्वच्छ आहे, लिफ्ट मूळ कॅमचीच निघाली. मूळ मापाच्या सोळा मागवल्या.

दोरी झकास चालली. तिसऱ्या सिलिंडरला एक कॉटर, म्हणजे टोपी व्हॉल्व्हला धरून ठेवणारी छोटी पाचर, उडाला. भोकं बुजवलेली होती, म्हणून तो गेला थेट तळाच्या पाण्यात. चुंबकाला सुतळी बांधून तासभर गळ टाकून बसलो, दाजी काठावरून विचारतात, मासा लागला का. पुढचे सगळे ग्रीस लावून बसवले.

आता एकच अडचण. पाच व्हॉल्व्हवर स्प्रिंग बसल्यावरची उंची १.७३ इंच भरते. शिम, म्हणजे पातळ चकती, टाकू का?

माझगावचा जुना

टाका, ०.०३० इंचाची, स्प्रिंगेच्या खाली. टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर खेळ स्वतःच भरून काढणारे, आहेत ना? मग रॉकरचा खेळ शून्य झाल्यावर नट पुस्तकाप्रमाणेच आवळा, ट्रॅक्टरसारखं फिलर गेज घालू नका.

शहाद्याचा मिस्त्री

शिम टाकून काल बोट पाण्यात घातली. फटफट बंद. मी एकटा असताना ४६००, दाजींनी पाच पाहुणे बसवले की ४३००. पंखेवाले दादा, कुठला पिच घेऊ? सध्या १९ आहे.

पंखेवाला

१८ घ्या. आणि पाहुणे चारच बसवा.